शंभर नंबरी रक्त

दसऱ्याला आपल्याकडे पूजा कशाची करत नाहीत ते विचारा. कुणी स्कूटरला हार घालतं, कुणी शिलाई मशीनला, कुणी कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर हळदकुंकू सांडून त्याचा जीव घेतं. पण जिवंत माणसाला हार घालून, त्याच्या दंडातून रक्त काढून, वर पेढे वाटायची पद्धत फक्त मिरजेबाहेरच्या निरामय प्रतिपिंड केंद्रात होती. दंड संचालक डॉ. हेरंब देवस्थळींचा आणि सुई शैलजा नाईकवडीच्या हातातली.

शैलजा केंद्राची वरिष्ठ तंत्रज्ञ. वय एक्कावन्न, नोकरीला तेवीस वर्षं झालेली, आणि त्यातली निदान वीस तिने सहकाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवण्यात घालवली होती. गेली नऊ वर्षं ती दर दसऱ्याला सरांची रेशमी बाही वर सारायची, शीर शोधायची, आणि रक्त नळीत उतरायला लागलं की अख्खा हॉल टाळ्या वाजवायचा. टाळ्या कसल्या, हे तिला कधी कळलं नाही. रक्त दिलं होतं, एव्हरेस्ट चढले नव्हते. पण सर टाळ्या संपेपर्यंत डोळे मिटून बसायचे, फोटोग्राफर दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा, आणि मग त्या रक्तातल्या पेशी छोट्या कुप्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या जायच्या. पुढच्या दसऱ्यापर्यंत महाराष्ट्रात शंभर म्हणजे किती, ते त्या कुप्या ठरवायच्या.

हे शंभर कसले, ते सांगायला हवं, कारण ज्यांनी त्यापायी झोप घालवली त्यांतल्या निम्म्यांनाही ते ठाऊक नव्हतं. आपल्या रक्तात मारक पेशी असतात. विषाणू शिरलेली किंवा कर्करोगाकडे वळलेली पेशी सापडली की त्या तिला चिकटतात, तिच्या आवरणाला भोकं पाडतात आणि आत ग्रॅन्झाइम बी नावाचं विकर सोडतात. ते आत गेलं की ती बिघडलेली पेशी स्वतःच स्वतःला संपवते. मारक पेशी हे विकर बारीक दाण्यांत भरून सदैव जवळ बाळगून असतात. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उंदराला माणसाचं ग्रॅन्झाइम टोचायचं. उंदराचं शरीर या परक्या वस्तूविरुद्ध एक प्रथिन बनवतं, ते नेमकं तिलाच चिकटतं. हेच प्रतिपिंड. ते बनवणारी उंदराची पेशी बाहेर काढून कायमची वाढती ठेवायची, मिळालेल्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडायचा, ते रक्तातल्या पेशींत मुरवायचं, आणि एकेक पेशी लेसरसमोरून सोडायची. जिच्यात ग्रॅन्झाइम जास्त, ती जास्त चमकते.

केंद्राच्या प्रतिपिंडाचं नाव होतं नि-१४. त्या इमारतीत प्रामाणिक असं ते एकटंच, असं शैलजाचं स्पष्ट मत होतं. ते ग्रॅन्झाइमला चिकटायचं आणि गप्प बसायचं. ही पेशी कुणाशी लढतेय, कशासाठी लढतेय, की उगाचच माजलीय, यावर ते काही बोलत नसे. बोलायला देवस्थळी होते.

सुरुवातीला नि-१४ चांगल्या कामाला लागलं होतं. नवी किडनी बसवलेल्या रुग्णाचं शरीर त्या किडनीवर उलटतंय का, हे डॉक्टरांना त्यावरून आधीच समजायचं. मग ती तापाची साथ आली, लोक घाबरले, आणि सरांना कल्पना सुचली. प्रत्येक माणसाच्या ग्रॅन्झाइमला एक आकडा द्यायचा, शंभरपैकी. नाव ठेवलं कवचांक. नियमात लिहिलं होतं की चाळीस निरोगी माणसांचं रक्त मिसळून त्यावरून माप ठरवावं. सरांनी साडेतीन मुहूर्तांपैकी म्हणून दसऱ्याचा दिवस काढला. आता दसऱ्याला सुई टोचून घ्यायला कोण येणार? चाळिसांपैकी सहा आले, बाकीचे आपट्याची पानं वाटत गावभर हिंडत होते. सरांनी स्वतःची बाही वर केली. सात जणांत त्यांचं रक्त सगळ्यांत जास्त चमकलं, तेव्हा ते म्हणाले, माझे ते शंभर धरा. आणि धरले. शैलजाने स्वतः धरले. मापाला एकच माणूस चालत नाही, हे तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण साहेबांच्या रक्ताला नाही कसं म्हणायचं?

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. गल्लीबोळातल्या दवाखान्यांत यंत्रं बसली. पत्रिकेत रास-नाडीच्या खाली कवचांक आला. वसतिगृहं विचारू लागली, घरमालक विचारू लागले, स्वयंपाकाला येणाऱ्या बायकांना कागद दाखवावा लागू लागला. लोकांना आकडा मिळाला की आणखी कशाची गरज नसते. सरकारी समितीने पंचेचाळीस दिवस बैठका घेऊन पास होण्याची मर्यादा ठरवली पस्तीस. का, तर दहावीला पस्तीस असते.

आणि गंमत अशी की दर दसऱ्यानंतर सगळ्यांचे आकडे थोडे थोडे उतरायचे. टीव्हीवर तज्ज्ञ बसायचे. एक म्हणायचा ऑक्टोबरचं ऊन, दुसरा म्हणायचा पॅकेटातलं अन्न, तिसरा म्हणायचा तरुण पिढी पहाटे उठत नाही. केंद्राच्या कॅन्टीनमध्ये हा कार्यक्रम लावून ठेवत. शैलजा चहा पीत ऐकायची आणि या लोकांना पगार कोण देतं, असा विचार करून उठायची. आकडे का उतरतात, हे तिनेही शोधलं नाही.

तिला एकच मुलगी, इरावती. वडील गेले तेव्हा इरा दहा वर्षांची होती. मोठी झाली, नर्सिंगची पदवी घेतली, अतिदक्षता विभागातच काम करायचं म्हणून हट्ट धरला. ट्रेकला जाणारी, भेळेच्या गाडीवर उभी राहून पाणी कुठलं ते न बघता पिणारी मुलगी. नोकरीच्या आदल्या आठवड्यात कवचांक काढला. चौतीस. पुन्हा काढला, चौतीस. तिसऱ्यांदा शैलजाने स्वतः केंद्रात काढला, चौतीसच. इरा म्हणाली, अगं मला काही झालेलं नाही, मला कधी साधी सर्दी होत नाही. शैलजाने तिला सांगितलं की आकड्याशी वाद घालू नये.

इरा गुणी मुलगी, तिने वाद घातला नाही. तीन वर्षांत तिने स्वतःला आजारी करून दाखवलं. पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून. लग्नाला जायचं नाही, बाजारात जायचं नाही, दाराची कडी रुमालाने धरायची. घरात बसून विमा कंपनीचे फॉर्म भरायचे. जयसिंगपूरच्या शाळेत शिकवणारा निषाद नावाचा मुलगा होता, तिच्या ट्रेकच्या गटातला, दोन्ही घरांनी होकार दिलेला. इराने आपण होऊन मोडलं. मी चौतीसची, माझं लोढणं कशाला गळ्यात बांधून घेतोस, म्हणाली. तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी इराने दार उघडलं नाही, आणि शैलजाने त्याला चहा देऊन परत पाठवलं. सव्वीस वर्षांची पोर खिडकीआडून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

यंदा गणपतीच्या सुट्टीत टाकीत नायट्रोजन भरायचं राहिलं. राहिलं म्हणजे, गोडबोल्यांना वाटलं मुजावर भरतील, मुजावरांना वाटलं गोडबोले गावी जायच्या आधी भरून गेले असतील, आणि दोघांनाही वाटलं की शैलजाबाई आहेतच. शैलजाबाई घरी मोदक वळत होत्या. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर द्रव तळाला गेलेला. वरच्या फळ्यांवरच्या, अलीकडच्या वर्षांच्या कुप्या द्रवाबाहेर नुसत्या वाफेत, आणि जुन्या तेवढ्या तळाशी द्रवात. रोजच्या वापराच्या छोट्या डब्यात यंदाची, म्हणजे गेल्या दसऱ्याची, एक कुपी धड होती. बाकीच्या जगल्या की मेल्या ते तपासायला तिने दर वर्षाची एकेक कुपी बाहेर काढली. आजवर कधी कुणी असं केलं नव्हतं. नवं प्रमाण आलं की ते जुन्याशी ताडून बघायचं हा जगभरचा नियम. पण पहिल्या वर्षीच सर म्हणाले होते, शंभर ते शंभर, ताडायचं काय त्यात?

यंदाचं रक्त शंभरावर लावून तिने पहिल्या वर्षीची कुपी घातली. उत्तर यायला हवं होतं शंभर. आलं चौपन्न.

तिला वाटलं, पेशी मेल्या. निळा रंग घालून पाहिलं, मेलेली पेशी निळी होते. शंभरातल्या नव्वद स्वच्छ होत्या, जिवंत. मग तिने ओळीने सगळ्या घातल्या. दुसऱ्या वर्षीची सत्तावन्न, मग एकसष्ट, सहासष्ट, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी, ब्याण्णव, शंभर. माणूस तोच, प्रतिपिंड तेच. तिने स्टूल ओढलं आणि बसली. लोकांचे आकडे कधी उतरलेच नव्हते. सरांचं ग्रॅन्झाइम दर वर्षी चढत होतं, आणि दर दसऱ्याला अख्ख्या राज्यातली यंत्रं त्या चढलेल्या रक्ताला शंभर म्हणायला शिकत होती. गज वाढत गेला, म्हणून कापड आखूड दिसत गेलं.

उतरत उतरत यंदा अपिलाच्या तपासणीत आलेले इराचे एकतीस जुन्या मापाने सत्तावन्न होते. तिने ते तीनदा गुणून पाहिलं.

मग प्रश्न उरला सरांचा. केंद्राकडे दुसरीही प्रतिपिंडं होती, मारक पेशींची घराणी ओळखणारी. निरोगी माणसात पन्नास घराण्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात. सरांच्या कुपीत दहातल्या आठ एकाच घराण्याच्या निघाल्या. म्हणजे कधीतरी एका पेशीने समोर शत्रू नसताना वाढायला सुरुवात केली होती आणि ती थांबली नव्हती. हा रक्ताचा कर्करोग असतो, सावकाश चालणारा, वर्षानुवर्षं कळू न देणारा. सारखे येणारे ताप, तोंडातले फोड, सांधे धरणं, या सगळ्याला सर कामाचा ताण म्हणायचे. ज्याला बलवान म्हणून हार घालत होते त्याला आजार होता, आणि जे धडधाकट होते ते कड्या रुमालाने धरत होते.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली आणि कागद टेबलावर ठेवून सगळं सरळ सांगितलं. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी चष्मा काढला, पुसला, आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी भागाकार केला.

"म्हणजे पहिल्या वर्षाच्या मापाने माझे आज एकशे पंच्याऐंशी," ते म्हणाले.

शैलजाला क्षणभर वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण त्यांचा चेहरा खरंच खुलला होता.

"सर, ते वाढणं हाच आजार आहे. गोळ्या आहेत त्यावर. वेळेत घेतल्या तर माणूस वीस वर्षं जगतो."

"गोळ्या घेतल्या तर आकडा उतरेल?"

"उतरेल. उतरायलाच हवा."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मवाळ आवाजात बोलू लागले. एवढी यंत्रं, एवढे दवाखाने, लोकांचा विश्वास. एकदम असं काही सांगितलं तर गोंधळ माजेल. हळूहळू करू, समिती नेमू, वर्षा-दोन वर्षांत माप बदलू. दसरा तेवढा नेहमीसारखा होऊ द्या. आणि मग, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, ते म्हणाले, "इराचं अपील आहे ना आपल्याकडे? तिची फेरतपासणी जुन्या कुपीवर करा. येईल तो आकडा लिहा, मी सही करतो. त्यात खोटं काहीच नाही, शैलजाबाई."

खरंच नव्हतं. तीच तर मेख होती. मुलीचा खरा आकडा, खऱ्या मापाने, खऱ्या सहीचा. फक्त बाकी कुणाला मिळणार नव्हता. शैलजाने या माणसाला वीस वर्षं तुच्छ लेखलं होतं, त्याच्या टाळ्यांना, त्याच्या रेशमी बाहीला, त्याच्या मिटलेल्या डोळ्यांना. आणि तिने मान हलवायला अर्धं मिनिटही घेतलं नाही.

सत्तावन्नचा कागद पाहून इरा आधी हसली, मग रडली, मग चप्पल घालून सरळ कोपऱ्यावरच्या गाडीवर गेली आणि दोन प्लेट भेळ खाऊन आली. पंधरवड्यात ती मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात रुजू झाली. तिथे गळ्यातल्या ओळखपत्रावर नावाखाली कवचांक छापतात. जेवताना ती दिवसभराचं सांगायची, भूक लागल्यासारखी बोलायची. शैलजाला आठ दिवस असं सुख झालं की सर, कुप्या, महाराष्ट्र, सगळं खड्ड्यात जाऊ दे असं वाटलं.

नवव्या दिवशी इरा म्हणाली की भांडी घासायला येणाऱ्या सुगंधाबाईंचे तीस आहेत, त्यांना आत येऊ देत जाऊ नकोस, भांडी मागच्या दारी ठेव. शैलजाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग इरा वॉर्डातल्या एका नर्सबद्दल बोलली, छत्तीसची आहे, काठावर पास, आणि आमच्याच पंगतीत जेवायला बसते. हे सांगताना तिने नाक मुरडलं. कड्या रुमालाने धरणारी मुलगी तीन आठवड्यांत कुठून हे शिकली? कुठून म्हणजे काय. तीन वर्षं घरात बसून तिने हेच तर सोसलं होतं, आता तिची पाळी आली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी शैलजाने निषादचा विषय काढला. तो अजून लग्नाचा थांबलाय, असं तिला कुणाकडून तरी कळलं होतं. आता तर काही अडचण नाही, एकदा फोन कर, असं तिने सुचवलं. इरा नखांना नेलपॉलिश लावत होती. तिने ब्रश बाटलीत ठेवला.

"त्याचे तेहतीस आहेत, आई. उद्या मुलांचा विचार करावा लागतो."

शैलजाला असं झालं की ही माझी पोटची नाहीच. आणि लगेच वाटलं, माझीच आहे, अगदी माझ्यावर गेलीय. ती तिच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. नायट्रोजन, कुप्या, चौपन्न, सरांचा आजार. तुझे सत्तावन्न म्हणजे मोठं काही नाही, सगळ्यांचे तेवढेच आहेत, सुगंधाबाईंचे छप्पन्न आहेत. तू तीन वर्षांपूर्वीही ठणठणीत होतीस आणि मी तुला आजारी ठरवलं. चुकले मी.

इराने रंगवलेल्या नखांवर फुंकर मारली. मग तिने विचारलं, "हे अजून कुणाला सांगितलंयस?"

"सरांना सोडून कुणालाच नाही."

"मग नकोच सांगूस," इरा म्हणाली, आणि दुसऱ्या हाताची नखं रंगवायला घेतली.

दसऱ्याला हॉल भरला. यंत्रांना झेंडूचे हार, फरशीवर रांगोळी, खुर्चीवर मखमल. सर रेशमी कुडत्यात आले. त्यांचे ओठ फोडांनी सुजले होते आणि बसताना त्यांनी गुडघा धरला. बाही वर गेली. शैलजाने दंडाला पट्टा बांधला, कापसाने जागा पुसली, सुई उचलली, आणि परत ट्रेमध्ये ठेवली. मग वळून तिने समोरच्या दीडशे माणसांना सांगितलं, आवाज न चढवता, रोजच्या रिपोर्टसारखं. सरांना रक्ताचा आजार आहे. नऊ वर्षं आपण त्या आजाराला शंभर म्हणत आलो. लोकांचे आकडे उतरले नाहीत, आपण उतरवले. मला महिन्याभरापासून माहीत होतं, आणि मी माझ्या मुलीपुरतं दुरुस्त करून घेतलं.

तिला वाटलं आता कुणी ओरडेल, कुणी अंगावर येईल. निदान कुणाला तरी लाज वाटेल. पहिल्या रांगेतले गोडबोले उभे राहिले. चाळीस वर्षं विज्ञान शिकलेला माणूस.

"मग बाई, माझे बत्तीस आहेत. ते आता किती झाले?"

"एकोणसाठ," ती म्हणाली, आणि तिथेच चुकलं. दुसरा उठला, तिसरा उठला, आणि पाहता पाहता तिच्यासमोर रांग लागली. मोबाइलवर गुणाकार सुरू झाले. माझे किती, मिसेसचे किती, मुलाचे सव्वीस होते हो, सांगा ना. मुजावरांचे एकसष्ट निघाल्यावर गोडबोल्यांचं तोंड पडलं. हा आकडा कशाचाच नाही, याने माणूस कळत नाही, असं ती प्रत्येकाला सांगत होती, आणि प्रत्येक जण मान डोलावून म्हणत होता, बरोबर आहे बाई, पण किती? सर मागे मखमलीवर बसले होते, दंडाला पट्टा तसाच, हात काळानिळा पडायला लागलेला. त्यांना बरं वाटतंय का, असं दीडशे माणसांतल्या एकानेही विचारलं नाही. शैलजानेही नाही. तिने जाता जाता पट्टा तेवढा सोडला.

संध्याकाळी ती घरी पोचेपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. इरा पलंगावर बसली होती, गळ्यातलं ओळखपत्र उशीवर काढून ठेवलेलं. ती भांडेल अशी शैलजाची तयारी होती. ती भांडली नाही. मांडीवर मोबाइल होता आणि त्यावर निषादचं नाव उघडं होतं.

"तेहतीसचे एकसष्ट होतात," इरा म्हणाली. "माझ्यापेक्षा चार जास्त."

"बरं मग?"

"मग तो आता मला कशाला विचारेल?"

शैलजाला तिच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली, आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता तिने इराच्या मांडीवरचा मोबाइल उचलला आणि स्वतःच निषादला फोन लावला. इरा नको नको म्हणत उशीत तोंड खुपसून पडली. त्याने दुसऱ्याच रिंगला उचलला. शैलजाने आपण कोण ते सांगितलं आणि ती म्हणाली, निषाद, आजचं तुझ्या कानावर आलंच असेल. हो काकू, आलं, तो म्हणाला. आता हाही विचारणार, म्हणून तिने एकसष्ट तोंडात तयार ठेवले.

"काकू, इरा कशी आहे?"

बस, एवढंच. शैलजाने दिवसभरात दीडशे माणसांना त्यांचे आकडे पटापट सांगितले होते. ती फोन कानाला धरून पलंगावर पालथ्या पडलेल्या मुलीकडे बघत राहिली, आणि काय सांगावं ते तिला काही केल्या सुचेना.